सरांच्या आवाजाचा नकाशा

आमच्या शाळेत सातवी आणि आठवीच्या वर्गांमध्ये भिंत नाही, प्लायवूडचं पार्टिशन आहे. पलीकडे अकरा वर्षं भोंगा सर सातवीला विज्ञान शिकवत होते आणि अलीकडे मी आठवीला भाषा शिकवत होते, म्हणजे शिकवायचा प्रयत्न करत होते. मी कवितेचा अर्थ सांगायला तोंड उघडलं की पलीकडून उष्णतेचं वहन सुरू व्हायचं. माझ्या मुलांना उपमा आणि उत्प्रेक्षा यांतला फरक कधी धड आला नाही, पण धातू तापला की प्रसरण पावतो हे त्यांनी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. मी वर्षातून दोनदा लेखी तक्रार करायचे. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, ती वाचून फाइलला लावायच्या आणि म्हणायच्या, "अहो, जीव तोडून शिकवतात बिचारे. तुम्ही जरा खिडकीच्या बाजूला उभ्या राहत जा."

भोंगा हे नाव मुलांनी ठेवलेलं. सरांना ते माहीत होतं आणि आतून थोडं आवडायचंही. माणूस बेताच्या उंचीचा, हाडकुळा, शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली. एवढ्याशा छातीत एवढा आवाज कुठे मावायचा कोण जाणे. शाळेसमोर रस्त्यापलीकडे एका शिंप्याचं दुकान आहे. त्याला घड्याळ लागत नसे. सरांचा चौथा तास संपला की तो मशीनवरून उठून जेवायला जायचा.

आवाजाचं मूळ त्यांच्या घरात होतं. त्यांच्या आईला लहानपणापासून फार कमी ऐकू यायचं, त्यामुळे पाचही भावंडं ओरडून बोलायला शिकली. वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, सांगायच्या, "लग्न होऊन आले तेव्हा आठ दिवस मला वाटत होतं घरात भांडणं चाललीत. नंतर कळलं, हे चहा मागतायत." आईला नीट ऐकू आलं नाही तरी ती मान डोलावून "कळलं, कळलं" म्हणायची, पोराला पुन्हा घसा फोडायला लागू नये म्हणून. तिचं शेवटचं दुखणं सरांनीच काढलं. होती नव्हती तेवढी रजा त्यात संपली.

आई गेली, पण आवाज तसाच राहिला. मागच्या बाकावरचं एकही पोर ऐकण्यावाचून राहू नये, हा त्यांचा शिक्षणाचा एकमेव सिद्धांत. दर पाच वाक्यांनी ते विचारायचे, "कळलं का?" आणि अडतीस मुलं एका सुरात म्हणायची, "कळलं." माझ्या वर्गातली दोन-चार मुलंही सवयीने त्यांच्यात सूर मिसळायची.

मध्यंतरी आम्हा सगळ्यांना ज्ञानरचनावादाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. मूल म्हणजे रिकामं भांडं नव्हे, ते अनुभवातून स्वतःचं ज्ञान स्वतः रचतं, एकमेकांशी बोलून शिकतं, शिक्षकाने फक्त वाट मोकळी करून द्यायची, असं सगळं तिथे सांगितलं. फाइल, पेन, दुपारचं जेवण, प्रमाणपत्र. शेवटच्या दिवशी प्रत्येक शाळेतून एकाने मनोगत व्यक्त करायचं होतं. आमच्याकडून सर उठले आणि मुलांना बोलू द्यावं या विषयावर पाऊण तास एकटे बोलले. माइक बंद पडला होता, ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

तर अशा माणसाचा आवाज एका सोमवारी गेला. एकदम नाही, महिनाभर तो फाटत होता, सर गरम पाणी पिऊन रेटत होते. सोमवारी तोंड उघडलं तर नुसती हवा आली. घशाच्या डॉक्टरांनी आत नळी घालून पाहिलं आणि सांगितलं की स्वरतंतूंवर दोन गाठी आल्यात, कुदळ मारणाऱ्याच्या हाताला घट्टे पडतात तशा. नऊ आठवडे एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही, त्याने घसा जास्तच ताणला जातो. ऐकलं तर आवाज परत येईल, नाही तर शस्त्रक्रिया, आणि तिच्यानंतरची हमी डॉक्टर देणार नव्हते.

रजा शिल्लक नव्हती. मोठ्या बाईंनी सरांना बोलावून घेतलं, मलाही बसवलं, कारण प्रकरण माझ्यावरही शेकणार होतं. सर बोलू शकत नव्हते, पण ऐकू त्यांना व्यवस्थित येत होतं. तरी बाई एकेक शब्द सुटा करून मोठ्याने बोलत होत्या. "हे पाहा. सर. बोलणाऱ्याची माती विकली जाते, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात. शिक्षकाचं तर सगळं भांडवलच जिभेवर. सहामाही परीक्षा आठव्या आठवड्यात आहे. तोपर्यंत वर्ग तुमच्याकडे ठेवते. मुलं नीट पास झाली तर वर्ग तुमचा. नाही तर वर्षभर तुम्ही भांडारात बसून साहित्याची यादी करायची आणि सातवी या बाईंच्या वर्गात जोडायची."

म्हणजे माझ्याकडे चौऱ्याहत्तर मुलं. अकरा वर्षं ज्या शांततेसाठी मी अर्ज करत होते ती मिळाली, पण कशी ते पाहा. मी घाईघाईने एक चिठ्ठी लिहून सरांच्या हातात दिली, "काळजी करू नका, मी आहे." त्यांनी ती वाचली, खिशातून पेन काढलं आणि खाली लिहिलं, "बाई, मला ऐकू येतं."

त्या आठवड्यात हा वेडेपणा सगळ्यांनीच केला. शिपाईमामा त्यांच्याशी हातवारे करून बोलायचे. वहिनी घरात कुजबुजायला लागल्या आणि तिसऱ्या दिवशी स्वतःवरच वैतागल्या. सातवीतली मुलं तर सर गप्प म्हणून आपणही गप्प, अशी हाताची घडी घालून बसली. पलीकडून टाचणी पडल्याचाही आवाज येईना. माझा वर्ग बिथरला. एकाने विचारलं, "बाई, पलीकडे कोणी वारलं का?"

सरांनी आधी फळ्याचा आधार घेतला. जे बोलायचे ते सगळं लिहायचं. सकाळी सातला येऊन फळा या टोकापासून त्या टोकापर्यंत भरायचे, मुलं उतरवून घ्यायची, सर पुसायचे आणि पुन्हा भरायचे. चौथ्या दिवशी खोकल्याची उबळ आली. डॉक्टरांनी खडूही बंद केला. ती धूळ घशाला वाईट. दुष्काळात तेरावा महिना. खडू बंद होण्याआधीचं फळ्यावरचं शेवटचं वाक्य मात्र महत्त्वाचं ठरलं. सवयीप्रमाणे त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "कळलं का?"

आता आवाजाने विचारलेल्या "कळलं का" ला आवाजाने उत्तर देणं सोपं असतं, तोंड आपोआप उघडतं. लिहिलेलं वाक्य मात्र तिथेच थांबून राहतं, आपल्याकडे बघत. वर्ग ते बघत राहिला. मग तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. मुलं तिला शंका म्हणतात, कारण तिच्याकडे त्या कधी संपत नाहीत. ती म्हणाली, "नाही, सर." थोडं थांबून तिच्या शेजारची म्हणाली, "मला पण नाही." मग बाकं एकामागून एक बोलायला लागली. पार्टिशनच्या अलीकडे मी खडू हातात धरून उभी होते. अकरा वर्षांत पहिल्यांदा पलीकडून "नाही" ऐकू येत होतं, आणि त्यातल्या बहुतेकांना नेमकं काय नाही कळलं तेही सांगता येत होतं.

मधल्या सुट्टीत सर स्टाफरूममध्ये माझ्यासमोर बसले. त्यांनी एक चिठ्ठी सरकवली. "आई पण असंच म्हणायची. कळलं, कळलं. मला माहीत असायचं तिला ऐकू आलं नाही. मग वर्गात मला कसं नाही दिसलं?" मी माझा अर्धा डबा त्यांच्यापुढे सरकवला, एवढंच केलं.

पुढच्या दिवसापासून चिठ्ठ्या सुरू झाल्या. सरांनी जुन्या कॅलेंडरची पानं कापून तळहाताएवढे तुकडे केले. त्यावर एकच वाक्य मावायचं. एका वाक्यात पाठ शिकवता येत नाही, हे त्यांना लगेच कळलं; एका वाक्यात फार तर प्रश्न विचारता येतो. मग त्यांनी बाकं समोरासमोर लावून पाच-सहा जणांचे गट केले आणि प्रत्येक गटापुढे एक चिठ्ठी ठेवून ते मागे स्टुलावर बसले, मूग गिळून. आता यात ज्ञानरचनावाद किती आणि नाइलाज किती, हे मला विचारू नका. प्रशिक्षणाने जे झालं नाही ते दोन गाठींनी केलं.

आणि धडा कोणता लागावा? ध्वनी.

पहिल्या गटाची चिठ्ठी होती, "आवाज एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न ओरडता कसा न्याल?" दुसऱ्याच दिवशी माझ्या टेबलाजवळच्या पार्टिशनमधून एक खिळा बाहेर आला. मग भोक मोठं झालं. मग त्यातून दोरा आला आणि दोऱ्याला बांधायला एक रिकामा पत्र्याचा डबा घेऊन पलीकडचं शिष्टमंडळ माझ्या दारात. मी कडाडले. शाळेच्या मालमत्तेला भोक पाडायला तुम्हाला कोणी सांगितलं, वगैरे. शंका शांतपणे म्हणाली, "बाई, ऐकायला कोणीतरी इकडे हवं. तुम्हीच बसा. तुम्हाला अकरा वर्षांची सवय आहे." माझा सगळा वर्ग हसला. मी डबा कानाला लावला.

महिनाभर माझा वर्ग त्यांची प्रयोगशाळा झाला. दोरा सैल असला की काही येत नाही, ताणला की शब्द अन् शब्द येतो, मध्ये कोणी बोट लावलं की आवाज तिथेच मरतो. हे मला, भाषेच्या शिक्षिकेला, पन्नासाव्या वर्षी स्वतःच्या कानाने कळलं, आणि खोटं कशाला बोलू, मला मजा यायला लागली होती.

भांडणंही भरपूर झाली. वर्गात एक मुलगा होता, सगळे त्याला पहिला नंबर म्हणत. सरांची जुनी वाक्यं त्याला कानामात्रेसकट पाठ. त्याचे हाल कुत्रा खाईना. तो रोज स्टुलाजवळ जायचा, "सर, उत्तर लिहून द्या ना. मी पाठ करतो." सर त्याला चिठ्ठी द्यायचे, "गटाला विचार." गटात तो कोणाला बोलू द्यायचा नाही, म्हणून गटाने त्याला दोनदा हाकलला. एकदा त्याने जाहीर केलं की जाड दोरीतून आवाज जास्त चांगला जातो, सिद्ध झालंय, लिहून घ्या. सुतळी आणि शिवणाचा दोरा दोन्ही लावून त्याने मलाच साक्षीदार केलं होतं, आणि सुतळीतून खरंच स्वच्छ ऐकू आलं होतं.

सरांना चूक दिसत होती. स्टुलावर बसून त्यांचा गळा हलताना मला पार्टिशनच्या भोकातून दिसत होता. हा माणूस आता बोलणार आणि सगळं मुसळ केरात, असं मला वाटलं. त्यांनी एक घोट पाणी गिळलं, चिठ्ठी लिहिली आणि पहिल्या नंबराच्या हातात दिली. "दोन्ही दोऱ्यांत काय काय वेगळं?" मुलांनी जाडी सांगितली, रंग सांगितला, वास सांगितला. एक अगदी गप्प बसणारी मुलगी म्हणाली, "सुतळी संपली होती ना, म्हणून ती तोकडी आहे." पहिला नंबर त्या दोन दोऱ्यांकडे बघत राहिला. मग त्याने वहीतलं वाक्य खोडलं. माझ्या समजुतीप्रमाणे त्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून काहीतरी खोडलं.

त्याच्या वडिलांनी मात्र मोठ्या बाईंकडे तक्रार केली, की सर शिकवत नाहीत, पोरं दिवसभर डबे वाजवतात. बाईंनी सरांना पुन्हा बोलावलं आणि भांडाराच्या किल्ल्या टेबलावर ठेवून दाखवल्या. परीक्षेला तीन आठवडे होते.

आता दुसऱ्या डब्याची गोष्ट सांगते. तो बिस्किटांचा, झाकणाचा, आणि कल्पना शंकाची. त्यावर कागद चिकटवला होता, "सरांचा आवाज आला की विचारायचे प्रश्न". मुलांना ज्याचं उत्तर मिळेना ते चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचं. मात्र मध्येच कोणाला उत्तर सापडलं तर चिठ्ठी काढायची, मागे उत्तर लिहायचं आणि भिंतीवर बांधलेल्या दोरीला चिमट्याने लावायची. पहिल्या दोन आठवड्यांत डबा गच्च भरला. सर रोज शाळा सुटली की झाकण उघडून चिठ्ठ्या मोजायचे. त्रेचाळीस झाल्या तेव्हा त्यांचा चेहरा असा खुलला होता की मी म्हटलं, "काय सर, लॉटरी लागली?" त्यांनी लिहिलं, "वाट बघतायत माझी."

मग चिठ्ठ्या कमी व्हायला लागल्या. आठवडाभरात तीस, मग एकोणीस. भिंतीवरची दोरी वाळत घातलेल्या कपड्यांसारखी भरत चालली. एका दुपारी सर डबा घेऊनच स्टाफरूममध्ये आले.

"किती?" मी विचारलं.

त्यांनी बोटं दाखवली. अकरा.

"मग चांगलंच झालं की. मुलं स्वतः शोधतायत."

त्यांनी लिहिलं, "चांगलंच आहे." पेन थांबलं. मग खाली, बारीक अक्षरात, "पण मग मी कशाला?"

भांडाराच्या किल्ल्यांना ते घाबरले नव्हते, या डब्याला घाबरले होते. वर्ग बाईंनी काढून घेतला असता तर निदान भांडता आलं असतं. वर्गाचं आपल्यावाचून अडत नाही असं निघालं तर भांडायचं कोणाशी? मी म्हटलं, "उगीच डोक्यात राख घालून घेऊ नका," आणि लगेच लक्षात आलं की चुकीचा वाक्प्रचार वापरला, डोक्यात राख रागाने घालतात. भाषेची शिक्षिका मी. सर मात्र त्या चुकीला हसले, आवाज न करता, खांदे हलवत. मला तेवढं पुरे होतं.

याच सुमारास वर्गात एक नवीन मुलगी आली. वडिलांची बदली झाली म्हणून अर्ध्या सत्रात आलेली. तिने सरांचा आवाज ऐकलाच नव्हता. मुलांनी तिला रंगवून सांगितलं, की तो इतका मोठा होता की खिडक्या थरथरायच्या, शिंप्याच्या बोटात सुई जायची. चार आठवड्यांत या वर्गाला जी सवय लागली होती ती तिने दोन दिवसांत उचलली होती. तिने विचारलं, "कोणी मोजलंय का?"

कोणीच मोजलं नव्हतं. आणि आवाज तर आता नव्हता. गेलेला आवाज मोजायचा कसा? यावर सातवीत दोन तास वाद झाला. शेवटी गप्प बसणारी ती मुलगी म्हणाली, "ज्यांनी ऐकलाय त्यांना विचारू." मग गट पाडले, मोजपट्टी घेतली आणि पोरं सुटली. शिंप्याकडे, फाटकावरच्या रखवालदाराकडे, मागच्या दवाखान्यातल्या नर्सकडे, माझ्याकडे. प्रत्येकाला तेच प्रश्न. कुठे बसता? काय ऐकू यायचं? सगळे शब्द की थोडे? खिडकी उघडी असायची की बंद? त्यातून मैदानाएवढा नाही, पण चांगला चार कार्डशीट जोडून एक नकाशा झाला. मध्ये सातवीचा वर्ग, आणि भोवती सरांचा आवाज, जिथे स्पष्ट तिथे गडद, जिथे पुसट तिथे फिका. मी सगळ्यात गडद भागात होते. साठ पावलांवरच्या शिंप्याला शब्द अन् शब्द ऐकू यायचा, पण चाळीस पावलांवरच्या नर्सला फक्त "कळलं का" एवढंच. असं का? त्यावर आणखी दोन दिवस गेले आणि खिडक्या, जाड भिंती, आवाजाचं आदळून परत येणं, सगळा धडा त्यातून निघाला.

शिंप्याने मुलांना माहितीच्या बरोबरीने आणखीही काही दिलं होतं, आणि ते त्यांनी नकाशाच्या कोपऱ्यात प्रामाणिकपणे लिहून ठेवलं होतं. "त्यांचा आवाज बंद झाल्यापासून मला जेवायला उशीर होतो. दुकान सुनं वाटतं." सर त्या कोपऱ्यापुढे बराच वेळ उभे होते.

सहामाही झाली. सातवीचे विज्ञानाचे पेपर मोठ्या बाईंनी स्वतः तपासायला घेतले. निकाल काही गगनाला भिडला नाही. पण दर वर्षी सहा-सात मुलं गटांगळ्या खायची, यंदा दोन, आणि तीही काठावर. बाईंना जास्त बुचकळ्यात टाकलं ते दुसऱ्याच गोष्टीने. दर वर्षी एका प्रश्नाचं अडतीस जणांचं उत्तर एकच असायचं, सरांच्या तोंडचं. यंदा प्रत्येकाचं वेगळं होतं आणि बहुतेकांचं बरोबर. त्यांनी मला एक पेपर दाखवला. दोऱ्यातून आवाज कसा जातो या प्रश्नाचं उत्तर सुरू होत होतं, "पहिल्यांदा आम्ही चुकलो, कारण एक दोरी तोकडी होती." पेपर पहिल्या नंबराचा होता. बाईंनी त्याला पूर्ण गुण दिले होते.

"वर्ग तुमच्याकडेच राहू दे," त्या सरांना म्हणाल्या, आणि या वेळी नेहमीच्या आवाजात म्हणाल्या. किल्ल्या ड्रॉवरमध्ये गेल्या. चौऱ्याहत्तर मुलांच्या संकटातून मी सुटले, म्हणून मी सगळ्या स्टाफला चहा पाजला. सरांनी दोन्ही हात जोडले, चहा घेतला आणि पुन्हा वर्गात जाऊन डब्याचं झाकण उघडलं. चार चिठ्ठ्या उरल्या होत्या.

नऊ आठवडे पूर्ण झाले त्या दिवशी डॉक्टरांनी घसा तपासून सांगितलं, गाठी गेल्या. बोला, पण हळू आणि थोडं. ओरडायचं आयुष्यात नाही. वहिनींनी मला फोन केला आणि रडतच हसल्या. "पहिलं वाक्य काय म्हणाले असतील? चहा दे. मला ऐकूच आलं नाही हो. पुन्हा सांगायला लावलं."

दुसऱ्या दिवशी सर वर्गात गेले तेव्हा पलीकडे श्वास रोखल्यासारखं झालं. माझ्या वर्गानेही पेनं खाली ठेवली. शिंपी दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिला होता. मी वाट पाहिली. काहीच ऐकू आलं नाही. अकरा वर्षं ज्या पार्टिशनला मी शिव्या दिल्या, त्याला कान लावून उभी राहिले, तरी नाही. मग दोरा हलला. पलीकडून कोणीतरी तो ताणून धरला होता, बहुधा शंकाने. मी डबा कानाला लावला.

डब्यातून आधी बिस्किटांच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग कागद उलगडल्याचा. मला नंतर कळलं की त्यात एकच चिठ्ठी होती, बाकीच्या तीन सकाळी दोरीवर गेल्या होत्या. मग एक आवाज आला. पातळ, जरासा खरखरीत, जपून पावलं टाकणाऱ्या माणसाचा. तो चिठ्ठी वाचत होता.

"सर, तुमचा आवाज कुठपर्यंत जायचा ते आम्ही शोधलं. पण तो कसा आहे ते कोणालाच नीट सांगता येत नाही. हे तुमच्याशिवाय कळणार नाही."

अक्षर नवीन मुलीचं होतं, हेही नंतरच कळलं. सर रडत होते हे मला दिसत नव्हतं, पण मला माहीत आहे, कारण मी इकडे रडत होते आणि माझी आठवी माझ्याकडे आ वासून बघत होती.

मग सर म्हणाले, "असा आहे. आता लहान झालाय. मागे पोचायचा नाही."

मग नवीन मुलीचा आवाज, अगदी रोजच्यासारखा. "मग आम्ही पुढे सरकतो ना, सर."

आणि पलीकडे सगळ्या वर्गाने बाकं ओढायला सुरुवात केली. ते ऐकायला मला डब्याची गरज नव्हती, शिंप्यालाही नव्हती. नकाशावर दुसऱ्या दिवशी एक नवीन गोल काढला गेला, फळ्यापासून जेमतेम तिसऱ्या बाकापर्यंतचा, आणि नवीन मुलगी धरून एकोणचाळीसच्या एकोणचाळीस मुलं त्याच्या आत. मी आता त्या गोलाच्या बाहेर असते. मोकळा तास असला की स्टूल घेऊन जाते आणि आत बसते.